बायपास ठरलाय, हृदयाच्या नव्या धमन्या उगवायची वाट पाहावी का?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६४ वर्षांचे, १५ वर्षांपासून मधुमेह. चढावर छाती भरून येते म्हणून अँजिओग्राफी केली, तर तिन्ही नसांत ब्लॉक निघाले. त्यात पुढची मोठी नस, म्हणजे एलएडी, सुरुवातीलाच ९० टक्के बंद. सर्जननी बायपास सांगितला. तेवढ्यात व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ आला, की शास्त्रज्ञांना हृदयाच्या धमन्या पुन्हा वाढवता येऊ लागल्यात आणि आता छाती उघडायची गरज उरणार नाही. वडिलांनी तो चार वेळा पाहिला आणि जाहीर केलं, "दोन वर्षं थांबू." मुलगा विचारतोय, यात तथ्य किती आणि थांबावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. थांबू नका. पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल, कारण व्हिडिओ करणाऱ्यानं थाप मारलेली नाही. त्यानं मूळ बातमीतला उंदीर तेवढा गाळलाय.

मी २५ वर्षांहून जास्त काळ कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, उभा राहतोय. धमन्या "उगवतात" ही गोष्ट मला कुठल्या शोधनिबंधानं शिकवली नाही, ती पडद्यावर दिसली. एक ऊस लावणारा शेतकरी होता, ५८ वर्षांचा. तक्रार एवढीच की मोटरसायकलला किक मारताना धाप लागते. उजव्या नसेत डाय, म्हणजे क्ष-किरणांत दिसणारा द्रव, सोडला, तर ती दोन सेंटिमीटरवर ठार बंद, टोक बाटलीच्या बुडासारखं गोल. असा ब्लॉक जुना असतो, काल-परवाचा नसतो. पण ईसीजी जवळजवळ नॉर्मल आणि इकोमध्ये पंपिंग ६० टक्के, म्हणजे नॉर्मलच. मग डावीकडे डाय सोडला आणि चित्रण चालू ठेवणाऱ्या पेडलवरचा पाय उचलला नाही. पुढची नस भरली, बाजूची भरली, डाय ओसरू लागला. नवखा डॉक्टर इथे पाय काढतो आणि पुढचं त्याला दिसतच नाही. तीन-चार ठोके गेले आणि हृदयाच्या मधल्या भिंतीतून सात-आठ नागमोडी रेघा उमटल्या, केसाहून जरा जाड. त्यांच्या टोकाशी ती बंद पडलेली उजवी नस खालून वर, उलट्या दिशेनं भरत आली. टेबलावरून त्यानं विचारलं, "काय दिसलं डॉक्टर?" म्हटलं, "मुख्य रस्ता बंद आहे, पण तुमच्या हृदयानं स्वतःच आडवाट काढलीय."

या आडवाटांना आम्ही कोलॅटरल्स म्हणतो, मराठीत जोडधमन्या म्हणू. दोन मोठ्या नसांच्या फांद्यांना जोडणारे अगदी बारीक दुवे काहींच्या हृदयात जन्मापासून असतात. एक नस हळूहळू अरुंद होत गेली की तिच्या पलीकडचा दाब घटतो. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे रक्त या दुव्यांतून जोरानं वाहू लागतं. त्या प्रवाहाचं घर्षण आतल्या अस्तराला जाणवतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे येऊन भिंत उसवतात, पुन्हा बांधतात, आणि काही आठवड्यांत तो दुवा रुंद होतो. जर्मनीत बाड नाउहाइमला वोल्फगांग शापर यांनी आयुष्यभर याच गोष्टीचा अभ्यास केला. त्यातला एक तपशील मला फार आवडतो. गिनीपिगच्या हृदयात अशा जोडधमन्या इतक्या दाट असतात की एखादी मोठी नस बांधून टाकली तरी स्नायू मरत नाही. डुकराच्या हृदयात त्या जवळजवळ नसतातच. कुत्रा मध्ये कुठेतरी. माणसांत मात्र एक गिनीपिगसारखा निघतो आणि त्याचा सख्खा भाऊ डुकरासारखा. स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या क्रिस्टियान सायलर यांच्या गटानं नसेत एक मिनिटभर फुगा फुगवून ठेवून मोजलं, तर ब्लॉक नसलेल्या लोकांतही चार-पाच जणांत एकाच्या ईसीजीवर काहीच फरक पडला नाही. दुसरीकडून पुरेसं रक्त येत होतं. ज्यांच्या जोडधमन्या चांगल्या, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं कमी असतं, असं साडेसहा हजार रुग्णांची माहिती एकत्र केल्यावर २०१२ मध्ये दिसलं.

आमच्या सगळ्या संशोधनामागची हाव एवढीच आहे: जे त्या शेतकऱ्याला फुकटात मिळालं, ते बाकीच्यांना औषधानं देता येईल का?

हाव जुनी आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला क्लॉड बेक यांनी हृदयाचा पृष्ठभाग खरवडून त्यावर छातीचा स्नायू शिवला, म्हणजे स्नायूतल्या वाहिन्या हृदयात शिरतील. १९५० मध्ये माँट्रिअलला आर्थर व्हाइनबर्ग यांनी छातीच्या पिंजऱ्यामागची इंटर्नल मॅमरी धमनी सोडवून तिचं टोक थेट हृदयाच्या स्नायूत बोगदा करून पुरलं. कशालाही जोडलं नाही, नुसतं पुरलं, रोप खोचावं तसं. लोक हसले. पण १९६२ मध्ये मेसन सोन्स यांनी अशा रुग्णांची अँजिओग्राफी केली, तर काहींत ती धमनी खरोखरच हृदयाच्या नसांना जाऊन मिळालेली दिसली.

याच काळात आणखी एक झटपट ऑपरेशन निघालं: मॅमरी धमनी खाली बांधून टाकायची, म्हणजे अडलेलं रक्त आपोआप हृदयाकडे वळेल. रुग्ण धडाधड बरे होऊ लागले. मग १९५९ मध्ये सिअॅटलच्या लिओनार्ड कॉब यांनी आज कुठलीही एथिक्स कमिटी डोळे वटारेल असा प्रयोग केला. १७ रुग्णांत आठ जणांची धमनी बांधली, नऊ जणांच्या कातडीवर नुसता छेद दिला. दोन्हीकडे छातीचं दुखणं सारखंच कमी झालं. ते ऑपरेशन तिथेच संपलं. "अमुक उपचार घेतला आणि आमच्या शेजारच्यांची छाती दुखायची थांबली" असं कुणी सांगितलं की मला त्या नऊ जणांची आठवण येते. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच बरं वाटलं होतं.

पुढचा मोठा टप्पा व्हीईजीएफ या प्रथिनाचा. १९७१ मध्ये ज्यूडा फोकमन यांनी मांडलं होतं की कॅन्सरची गाठ वाढायला स्वतःसाठी रक्तवाहिन्या मागवून घेते. १९८९ मध्ये जेनेनटेक कंपनीत नेपोलिओने फेरारा यांनी रक्तवाहिन्यांना बोलावणारं ते प्रथिन वेगळं काढलं. मग बोस्टनच्या जेफ्री इस्नर यांच्या मनात आलं, की गाठ जे करते ते हृदयात मुद्दाम घडवू. १९९८ मध्ये त्यांच्या गटानं व्हीईजीएफचा जीन, नुसता डीएनए, थेट हृदयाच्या स्नायूत टोचला. पहिले रुग्ण मोजकेच, पण त्यांचं दुखणं कमी झालं. त्या वर्षांत आमच्या परिषदांत दुसरा विषयच नसायचा. "दहा वर्षांत सर्जन बेकार होणार" हे वाक्य मी स्वतः चहाच्या रांगेत ऐकलंय, आणि म्हणणारा सर्जनच होता.

नंतर मोठ्या चाचण्या झाल्या. १७८ रुग्णांच्या व्हिवा चाचणीत काहींना व्हीईजीएफ, काहींना खोटं औषध दिलं. दोन महिन्यांनी दोन्ही गट ट्रेडमिलवर आधीपेक्षा जास्त चालले आणि फरक शून्य. ३३७ रुग्णांच्या फर्स्ट चाचणीत एफजीएफ-२ हे दुसरं प्रथिन वापरलं, तिथेही तीन महिन्यांनी चालण्याच्या क्षमतेत फरक नाही. इस्नर स्वतः २००१ मध्ये, ५३व्या वर्षी, हार्ट अटॅकनं गेले.

हे का फसलं ते नीट कळलं, तर तो व्हिडिओही कळेल. व्हीईजीएफनं वाहिन्या आणल्या, यात वाद नाही. पण आणल्या त्या केशवाहिन्या. केशवाहिनी इतकी बारीक की लाल पेशी एकामागोमाग एक सरकतात. हृदयाला तुटवडा असतो तो धमनीचा, दाब सोसणारी, स्नायूची भिंत असलेली, दूरवरून रक्त आणणारी. कालव्यालाच पाणी नाही आणि आम्ही शेतात सऱ्या पाडत बसलो होतो. शिवाय नसेत सोडलेलं प्रथिन काही मिनिटांत रक्तातून निघून जातं. बरं, जास्त काळ टिकवलं तर? उंदराच्या हृदयात व्हीईजीएफ सतत पाझरत ठेवल्यावर रक्तवाहिन्यांच्या गाठी झाल्या. म्हणजे कमी दिलं तर काही नाही आणि जास्त दिलं तर नको ते.

आता तुमच्या व्हिडिओतलं संशोधन. २०११ मध्ये अमेरिकेत टेक्ससमध्ये दिसलं, की नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या हृदयाचा तुकडा कापला तर ते तीन आठवड्यांत पुन्हा भरून येतं. आठवड्याभरानंतर ही क्षमता संपते. मग प्रश्न आला, की स्नायू वाढतो तर त्याला रक्त कोण पुरवतं? २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या क्रिस्टी रेड-हॉर्स यांच्या प्रयोगशाळेतून याचं उत्तर आलं आणि त्या शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका होत्या सौम्यश्री दास. पुढे त्यांनी बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. "सगळं परदेशातच होतं" म्हणणाऱ्या मंडळींसाठी हे मुद्दाम सांगितलं.

त्यांना काय दिसलं? पिल्लाच्या हृदयाची एक नस बांधली. धमनीचं आतलं अस्तर ज्या पेशींचं असतं, त्या पेशींना आधीच रंगखूण करून ठेवली होती. काही दिवसांत त्या पेशी चक्क धमनीची भिंत सोडून निघाल्या. एकेकट्या, जवळच्या केशवाहिन्यांच्या जाळ्यावरून सरपटत, जिथे रक्त पोचत नव्हतं त्या भागाकडे. तिथे त्या पुन्हा एकत्र आल्या आणि त्यांनी नवी जोडधमनी रचली. जुनी वाहिनी रुंद झाली असं नव्हे, शापरनी दाखवलेला तो मार्ग वेगळा. इथे मोडून पुन्हा बांधणं होतं. जुन्या वाड्याचे चिरे काढून दुसरीकडे भिंत उभारावी तसं. या पेशींना वाट दाखवणारा रेणू म्हणजे सीएक्ससीएल-१२. प्राणवायू कमी पडला की केशवाहिन्या तो सोडतात आणि धमनीच्या पेशींवर त्याला ओळखणारा रिसेप्टर, म्हणजे तो पकडणारा रेणू, असतो. दोघांपैकी एक जरी काढून टाकला, तर जोडधमन्या बनत नाहीत आणि हृदयही नीट भरून येत नाही.

मोठ्या उंदरात हे आपोआप फारसं होत नाही. पण बाहेरून सीएक्ससीएल-१२ दिल्यावर मोठ्या उंदरातही जोडधमन्या तयार झाल्या. व्हिडिओचा मथळा या एका वाक्यातून निघालाय.

हा रेणू माणसातही धमन्यांचा नकाशा आखतो, हे अलीकडे कळलं. हृदयाच्या मागच्या भागाला रक्त कुणाचं, उजव्या नसेचं की डाव्या, हे माणसागणिक वेगळं असतं. प्रत्येक अँजिओग्राफीच्या रिपोर्टात पहिल्या ओळीत "राइट डॉमिनंट" असं काहीतरी लिहिलेलं असतं ते हेच. वडिलांच्या फाइलमध्ये बघा. अमेरिकेतल्या ६० हजारांहून जास्त माजी सैनिकांच्या अँजिओग्राफी आणि त्यांचे जीन जुळवून पाहिले, तर हा फरक ठरवण्यात सीएक्ससीएल-१२च्या जीनचा हात दिसला. २०२५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. म्हणजे आपण गर्भात असताना ज्यानं रस्ते आखले, त्यालाच म्हातारपणी पुन्हा कामाला लावता येईल का, असा हा प्रश्न आहे. मला तो व्हीईजीएफच्या प्रश्नापेक्षा जास्त शहाणा वाटतो, कारण इथे पहिल्यापासून लक्ष्य धमनी आहे.

पण उंदीर आणि तुमचे वडील यांच्यामध्ये काय काय आहे ते बघा. उंदराचं हृदय वाटाण्यापेक्षा थोडं मोठं, माणसाचं पाव किलोच्या वर. उंदरात नव्या धमनीला एखाद-दोन मिलिमीटर जायचंय, इथे कित्येक सेंटिमीटर. तो उंदीर तरुण, त्याची नस एका क्षणी दोऱ्यानं बांधलेली, बाकीच्या नसा कोऱ्या करकरीत. वडिलांच्या नसांचं अस्तर १५ वर्षं साखरेत भिजलंय. घर सोडून निघतील अशा पेशी तिथे किती उरल्या असतील? आणि सीएक्ससीएल-१२ काही फक्त धमनीच्या पेशींना बोलावत नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशीही त्याच हाकेला धावतात. नेमक्या जागी, नेमका वेळ, नेमकी मात्रा, हे अजून माणसात कुणी दाखवलेलं नाही.

माणसांत सध्या जे चाललंय ते मुख्यतः व्हीईजीएफच्याच घराण्यातलं, पण जास्त सावध. फिनलंडमध्ये कुओपिओला सेप्पो युला-हेर्टुआला यांच्या गटानं व्हीईजीएफ-डीचा जीन कॅथेटरनं थेट हृदयाच्या स्नायूत टोचला, ३० रुग्णांच्या चाचणीत. आणि २०२१ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या एपिक्युअर नावाच्या चाचणीत, कोविडच्या लशींमुळे घराघरात पोचलेल्या एमआरएनएचाच वापर करून, बायपास चालू असतानाच व्हीईजीएफचा संदेश हृदयात टोचला. औषध घेतलेले रुग्ण किती? सात. खोटं औषध घेतलेले चार. धोका दिसला नाही, एवढंच त्यातून म्हणता येतं. आणि पुन्हा बघा, हे बायपास *करताना* दिलं, बायपासऐवजी नव्हे.

या क्षेत्रात एक काळा धडाही आहे. हृदयात स्टेम सेल सोडल्यावर स्नायू नव्यानं बनतो, असं सांगणारे, पूर्वी हार्वर्डमध्येच असलेले पिएरो अँव्हर्सा यांचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, असं २०१८ मध्ये हार्वर्डलाच सांगावं लागलं. तोवर त्या कामाच्या आधारावर जगभर चाचण्या होऊन गेल्या होत्या.

आता आपल्याकडचा बाजार. "नैसर्गिक बायपास" अशा पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. ते बहुतेक ईईसीपी असतं: पायांना पट्टे बांधून हृदयाच्या ठोक्यागणिक हवेनं दाबायचे, आठवड्यातले पाच दिवस रोज तासभर, सात आठवड्यांत ३५ तास. उपचार म्हणून तो बोगस नाही. ज्यांना बायपास किंवा स्टेंट शक्यच नाही, अशा काही रुग्णांना मी स्वतः पाठवतो, आणि त्यांचं दुखणं कमी होतं. १९९९ मध्ये १३९ रुग्णांवर खोट्या दाबाशी तुलना करून झालेल्या चाचणीतही एंजायनाचे, म्हणजे छातीत दुखण्याचे, झटके कमी झाले होते. पण मधुमेह आणि तीन नसांत ब्लॉक असलेल्या माणसाला "यानं बायपास टळेल" असं सांगणं हा गुन्हा आहे, कायद्याच्या नाही तरी माझ्या लेखी. एक गृहस्थ असेच ३५ तास पुरे करून आले होते. दुखणं निम्मं झालं म्हणून खूश. आले तेव्हा पंपिंग ५५ वरून ३० टक्क्यांवर उतरलं होतं; मधे रात्री एकदा "गॅस" झाला होता, तो गॅस नव्हता.

स्टेम सेलचं इंजेक्शन घेऊन नसा उघडतात, असं कुणी पैसे मागून सांगत असेल तर सरळ उठून या. भारतात असा उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करायला परवानगी नाही. खरी चाचणी असेल तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत सापडते, तिचा नोंदणी क्रमांक मागा. आणि चाचणीतल्या औषधाचं बिल रुग्णाला देत नाहीत. बिल आलं म्हणजे ती चाचणी नाही, दुकान आहे.

व्यायामानं जोडधमन्या वाढतात का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण वडील विचारतील. वाढतात. जर्मनीत लाइपझिगला ६० रुग्णांच्या चाचणीत चार आठवडे नेमानं व्यायाम करवला, तर जोडधमन्यांतून येणारा प्रवाह सुमारे ४० टक्क्यांनी वाढला. माझ्या मते आजघडीला माणसात धमन्या "वाढवण्याचा" सगळ्यात खात्रीचा पुरावा हाच आहे, आणि त्यावर कुणी व्हिडिओ करत नाही. पण एलएडी तोंडाशीच ९० टक्के बंद असताना वडिलांनी उद्यापासून टेकडी चढायला लागायचं नाही. ते बायपासनंतर, रिहॅबमध्ये, म्हणजे देखरेखीखालच्या व्यायामात.

नव्या धमन्यांची खरी गरज कुणाला आहे? ज्यांच्या नसा टोकापर्यंत रोगट, दोऱ्यासारख्या बारीक, जिथे सर्जनला टाका घालायला जागाच नाही. आपल्याकडच्या मधुमेही रुग्णांत असे खूप दिसतात. फाइल परत करताना "औषधं चालू ठेवा" यापलीकडे माझ्याकडे काही नसतं. सौम्यश्री दास यांचं काम यशस्वी झालं तर ते या लोकांसाठी होईल. तुमचे वडील त्यांच्यातले नाहीत. सर्जन बायपास होईल म्हणताहेत, याचा अर्थ पुढच्या टोकाला चांगली नस शिल्लक आहे. २०१२ च्या फ्रीडम चाचणीत मधुमेह आणि अनेक नसांत ब्लॉक असलेल्या १,९०० रुग्णांना स्टेंट किंवा बायपास दिला. पाच वर्षांनी स्टेंट गटातले १६.३ टक्के दगावले होते, बायपास गटातले १०.९ टक्के. त्या चाचणीत थांबलेल्यांचा गट नव्हता. मधुमेहात एलएडीला असा ब्लॉक असताना नुसतं थांबा असं कुणी सुचवतही नाही.

सर्जनना भेटाल तेव्हा एवढं विचारा: एलएडीला डावी मॅमरी धमनी जोडणार ना? साखरेचा तीन महिन्यांचा आकडा किती हवा? किडनीचा रिपोर्ट ठीक आहे ना? अॅस्पिरिनशिवाय रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर ती किती दिवस आधी बंद करायची? आणि वडिलांना पहिल्या प्रश्नामागची गोष्ट जरूर सांगा. व्हाइनबर्गनी नुसती पुरलेली ती मॅमरी धमनीच १९६४ मध्ये लेनिनग्राडला वासिली कोलेसोव यांनी हृदयाच्या नसेला टाके घालून जोडली, आणि आज एलएडीला जोडलेली ही धमनी दहा वर्षांनीही दहातल्या नऊ जणांत वाहती असते. त्यांना नवी धमनी हवीच आहे ना. ती त्यांच्या छातीत डाव्या बाजूला, बरगड्यांच्या मागे तयार आहे.